पाय तिकडेच असू देत

बयो, काल फोनवर तू विचारलंस, "आत्या, लग्नानंतर सहा-आठ महिने मी पिंजौरलाच राहिले तर? तिथूनच नवऱ्याच्या स्पॉन्सरशिपची फाईल लावते, त्याचा व्हिसा आला की दोघं बरोबर जाऊ." तुझी आई लगेच हो म्हणाली, आणि होणाऱ्या सासूबाईंना तर सून घरात राहणार म्हणून आनंदच आनंद. मी तेव्हा गप्प बसले, कारण फोनवर सांगितलेलं तू अर्धंच ऐकतेस. आता लिहून पाठवते आहे, निवांत वाच.

उत्तर आहे, नाही. लग्नाला ये, सण कर, देवदर्शन कर, पाहुणचार घे आणि ब्रॅम्प्टनला परत जा. फाईल तिथून लाव. निकाल लागेपर्यंत तुझं बिऱ्हाड तिथेच राहू दे.

मला हे कुठून माहीत, असं तुझ्या बाबाला वाटेल. पिंजौरमध्ये राहून हे माहीत नसेल तरच नवल. ह्यांची नोकरी एचएमटीत. इथला मशीन टूल्सचा कारखाना १९६३चा, पुढे १९७१ला झेकोस्लोव्हाकियाच्या मदतीनं ट्रॅक्टर सुरू झाले, आणि कॉलनीत मराठी, कन्नड, बंगाली, पंजाबी अशी सगळी घरं नांदली. २०१६ला सरकारनं ट्रॅक्टरचा विभाग बंद करायचा निर्णय घेतला. ज्यांना बापाच्या जागेवर लागायचं होतं ती पोरं बद्दीच्या औषध कारखान्यांत गेली, नाहीतर कॅनडाला. कॅनडाला जाणाऱ्यांच्या आया आमच्या जेवणाच्या टेबलाशी फाईल घेऊन बसायच्या, कारण मला इंग्रजी वाचता येतं आणि बारीक अक्षराचा कंटाळा नाही. इकडे कुणी 'पीआर', म्हणजे कायम राहायची परवानगी, मिळाली असं म्हणत नाही, 'मुलगा पक्का झाला' म्हणतात. तू पक्की झालीस, पण नागरिक झालेली नाहीस. सगळी गोम तिथेच आहे.

लोक दोन वेगळे नियम एकात एक कालवतात. पहिला नियम तुझ्या स्वतःच्या पीआरचा. दर पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात राहिलीस की तुझी पीआर शाबूत. हे दिवस सलग नकोत, तुकड्यातुकड्यांनी चालतात. हा आकडा सगळ्यांना पाठ असतो, म्हणून सगळे याच आकड्यावर हिशेब मांडतात. तू पण तेच केलंस: तीन वर्षं झाली, दिवस भरपूर जमलेत, मग आठ महिने इकडे राहिले तर काय बिघडलं?

पीआरचं काही बिघडत नाही. बिघडतं स्पॉन्सरशिपचं, कारण तिचा नियम निराळा आहे. नवऱ्याला किंवा बायकोला बोलावणारा कॅनडात राहत असला पाहिजे, असं तिथले इमिग्रेशनचे नियम सांगतात. सूट फक्त नागरिकाला. नागरिक परदेशात राहूनही जोडीदाराची फाईल लावू शकतो, जोडीदार पक्का होईल तेव्हा आपण कॅनडात राहायला जाणार हे दाखवलं की झालं. पीआरवाल्याला ती सूट नाही. तुझी शेजारीण इथे बसून नवऱ्याची फाईल लावते आणि तिचं काम होतं, ते तिच्याकडे कॅनडाचा निळा पासपोर्ट आहे म्हणून. तिचं पाहून तू करायला जाऊ नकोस.

शिवाय ही अट फक्त अर्ज टाकायच्या दिवसापुरती नाही. अर्ज टाकला त्या दिवसापासून निर्णय होईपर्यंत स्पॉन्सरनं अटीत बसलं पाहिजे. म्हणजे तिथे जाऊन अर्ज टाकायचा आणि आठवड्यात विमान पकडून पिंजौरला यायचं, ही जी युक्ती तुझ्या मैत्रिणीनं सांगितली, ती मधल्या काळात कुणी विचारलं तर अंगाशी येते. फाईल वर्षभर चालेल असं धरून चाल, जास्तही लागू शकतं.

'राहणं' म्हणजे किती दिवस, असा आकडा त्या नियमात नाही. म्हणून लोक गोंधळतात, आणि म्हणूनच अधिकाऱ्याला मोकळीक मिळते. तो बघतो की तुझं घर कुठे आहे, भाडेकरार चालू आहे का, नोकरी चालू आहे की सोडली, पगार कुठे जमा होतो, कर कुठे भरतेस, सामान कुठे आहे. नवऱ्याला भेटायला तीन-चार आठवडे आलीस तर कुणी काही म्हणत नाही, उलट ते नातं खरं असल्याचं दिसतं. पण घर सोडलं, नोकरी सोडली, सामान मैत्रिणीच्या तळघरात ठेवलं आणि इकडे येऊन सासरी राहिलीस, तर तू तिथे 'राहतेस' असं कुठल्या तोंडानं म्हणणार? म्हणून येताना सुट्टीची मंजुरी लेखी घे, परतीचं तिकीट काढूनच ये, भाडेकरार सोडू नकोस. खोलीचं भाडं फुकट जातं म्हणून कुरकुरशील. जाऊ दे. फाईल फेटाळली तर त्याच्या कितीतरी पट जातं.

फेटाळली तर अपील आहेच की, असं चंडीगडचा कुठलाही एजंट सांगेल. आहे. नकार हातात आल्यापासून तीस दिवसांत करायचं असतं. पण त्यातली मेख तो सांगणार नाही. अपिलात एरवी माणुसकीच्या कारणांचा विचार होऊ शकतो: कुणी आजारी आहे, मूल लहान आहे, जोडपं विनाकारण दूर पडलंय. पण तू नियमाप्रमाणे स्पॉन्सरच ठरत नसशील, तर अपील मंडळाला ती कारणं ऐकायचा अधिकारच उरत नाही. म्हणजे राहण्याच्या अटीवर पडलेली फाईल दयेवरही उठत नाही.

आणि 'कॅनडातून निघताना शिक्का मारत नाहीत, कुणाला कळणार' हे डोक्यातून काढून टाक. शिक्का मारत नाहीत हे खरं. पण २०२० पासून विमानानं बाहेर पडणाऱ्यांची नोंद विमान कंपन्यांकडून तिथल्या सीमा खात्याकडे जाते. तू किती दिवस कुठे होतीस ते त्यांना तुझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. ओंटारियोचं आरोग्य कार्डही असंच आहे, बारा महिन्यांत १५३ दिवस तिथे हजर असावं लागतं. आठ महिने इकडे काढलेस की तेही डळमळलं.

तुझ्या दादाचं एक म्हणणं आहे, की नवऱ्याबरोबर परदेशात काढलेले दिवस ७३०मध्ये धरतात. धरतात, पण नवरा कॅनडाचा नागरिक असला तर. किंवा नवरा पीआर असून कॅनडाच्या कंपनीनं अथवा सरकारनं त्याला पूर्णवेळ कामावर बाहेर पाठवलेला असला तर. जावईबापू बद्दीला गोळ्यांच्या कारखान्यात क्वालिटी बघतात. त्यांच्याबरोबर पिंजौरला काढलेला एकही दिवस तिकडे मोजला जाणार नाही. नागरिकत्वासाठी पाच वर्षांत १,०९५ दिवस लागतात, त्यातही नाही. आधी नागरिक होऊन मग नवऱ्याला बोलवायचं, असं ठरवणारेही असतात. तेही चुकीचं नाही. पण त्या वाटेनं जायचं म्हटलं तरी दिवस तिथेच काढायला हवेत.

न्यू जर्सीच्या चुलतभावाला विचारू नकोस. तिथलं ग्रीन कार्ड वेगळं, त्याचे नियम वेगळे. ग्रीन कार्डवाल्याच्या बायकोला तिथे कोट्याच्या रांगेत उभं राहावं लागतं, नागरिकाच्या बायकोला नाही. तो आपल्या अनुभवानं बोलतो आणि तू आपल्या फाईलला लावतेस.

मग भेटायचं कसं? त्याला भेटीला बोलाव. स्पॉन्सरशिपची फाईल चालू असताना पाहुण्याचा व्हिसा मागता येतो. पुढे कायमचं यायचंय म्हणून तेवढ्यावरून नाकारायचं नाही, मुदतीत परत जाईल एवढं पटलं की द्यायचा, असं कायदाच म्हणतो. त्यानं अर्जात फाईल क्रमांक लिहावा, लपवू नये. आला तर दोन महिने राहू दे, मात्र फाईल बाहेरच्या देशातून लावलेली अशीच ठेवा. तिथे आल्यावर 'कॅनडातली' फाईल लावायचा मोह पडतो. पण तिथे दोघांनी एकत्र राहणं ही अट असते. मध्येच वडिलांच्या आजारपणात त्याला इकडे यावं लागलं आणि परतीचा व्हिसा मिळाला नाही, तर फाईल तिथेच बुडते. नकारावर त्या मंडळाकडे अपीलही नाही. सासऱ्यांचं वय बघता मी तरी ही जोखीम घेऊ देणार नाही.

आता लग्नाविषयी. मुलगी कॅनडात पक्की, मुलगा इकडे, लग्न झटपट, मुलगी दोन आठवड्यांत परत. पंजाब-हरियाणात हे चित्र पाहिलं की कुणाच्याही भुवया उंचावतात, कारण इथे आयईएलटीएसच्या, म्हणजे इंग्रजीच्या परीक्षेतल्या गुणांवर ठरणाऱ्या, लग्नांचा बाजार भरतो. सात बँडवाली मुलगी, तिच्या शिक्षणाचा खर्च मुलाकडचे करणार, बदल्यात मुलगा तिच्यामागे जाणार. वर्तमानपत्रात उघड जाहिराती येतात. तुमचं तसं नाही, पण फाईल वाचणाऱ्याला ते कसं कळावं? नियमही कडक आहे. लग्न मुख्यतः पीआरसाठी केलेलं असलं किंवा ते खरं नसलं, दोन्हींपैकी एक जरी पटलं तरी नकार. २०१०च्या आधी दोन्ही गोष्टी सिद्ध व्हाव्या लागत, आता एक पुरते.

त्यातून आपली मराठी लग्नं. इकडच्या फाईली वाचणाऱ्याला चुडा, जागो, घोडीवरचा नवरा, रात्रीची वरात, हजार माणसांचा हॉल हे सगळं सरावाचं. आपल्याकडे सकाळी साडेदहाचा मुहूर्त, अंतरपाट, मंगलाष्टकं, अक्षता, सप्तपदी, दोन वाजता पंगत उठली की हॉल रिकामा. हातात हिरव्या बांगड्या, पंजाबी चुडा नाही. पंजाबी डोळ्याला वाटतं, कसलं घाईचं लग्न उरकलंय! कोण कुठला अधिकारी फाईल वाचेल ते आता सांगता येत नाही, म्हणून फोटोखाली नीट लिहायचं. 'मामा वधूला घेऊन येत आहेत', 'वराची आई सुनेचं मुख पाहते आहे', 'सप्तपदी, दोन्हीकडचे आईवडील उजवीकडे'. ज्या फोटोत दोन्ही घरची माणसं एकत्र आहेत तो आधी. तुम्हा दोघांचे समुद्रावरचे ढीगभर फोटो कुणाला नकोत. साखरपुडा, केळवण, पूजा, पहिला सण यांचे दोन-दोन पुरे, तारखेसह.

फॉर्ममध्ये तुम्ही कसे भेटलात, घरच्यांना कधी सांगितलं, लग्नाला कोण होतं, असे प्रश्न येतात. दोघांनी वेगवेगळं बसून लिहा आणि मग ताडून पाहा. तो लिहील 'नातेवाइकांनी ठरवलं', तू लिहिशील 'कॉलेजपासून ओळख', आणि दोन्ही खरंच असेल, पण वाचणाऱ्याला विसंगती दिसेल. ओळख होती, मग घरच्यांनी पुढाकार घेतला, असं जसं घडलं तसं सविस्तर लिहा. वर्षभराच्या चॅटची पानंच्या पानं छापू नका. महिन्याला एखादं पान, त्यात घरगुती बोलणं असलेलं. 'बाबांचा बीपी आज किती होता' हे एक वाक्य शंभर बदामांपेक्षा जास्त बोलतं.

तारखेचं मात्र फार जप. आपल्याकडे एक पद्धत पडली आहे, आधी गुपचूप नोंदणी करून ठेवायची, विधी सवडीनं. घरच्यांच्या लेखी लग्न म्हणजे अक्षता पडल्या तो दिवस. पण विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी कार्यालयात तीन साक्षीदारांसमोर सही केली, तर कायद्याच्या लेखी त्याच दिवशी लग्न झालं. उलट हिंदू पद्धतीनं विधी करून मग नुसती नोंद केली, तर लग्नाची तारीख विधीची, नोंदीचं प्रमाणपत्र फक्त पुरावा. तुम्ही काय करताय ते आधी ठरवा आणि सगळ्या कागदांवर तीच तारीख येऊ द्या. आणि काहीही झालं तरी दोघांनी समोरासमोर उभं राहून लग्न करा. एक जण व्हिडिओ कॉलवर, असं लग्न २०१५ पासून या कामाला चालत नाही.

हे तुझ्या धाकट्या चुलतभावाला आवर्जून वाचून दाखव. तो अजून वर्क परमिटवर आहे, पीआरचा अर्ज 'अविवाहित' म्हणून भरलाय, आणि घरात कुजबुज चालली आहे की नोंदणी आधी करून ठेवू, कुणाला सांगायचं नाही. अजिबात नाही. पक्का व्हायच्या आधी लग्न झालं असेल आणि ते कळवलं नाही, बायकोची तपासणी झाली नाही, तर पुढे तिला कुटुंब म्हणून बोलावताच येत नाही. अशी ती कायमची वगळली जाते. शिवाय माहिती लपवल्याचा ठपका बसला तर पाच वर्षांची बंदी. लग्न करायचंच असेल तर उघड कर आणि लगेच कळव. नाहीतर पीआर हातात पडेपर्यंत थांब, चातुर्मास आहे असं सांग आणि वेळ काढ.

नावाचं सांगते. लग्नानंतर आपल्याकडे बापाचं नाव जाऊन नवऱ्याचं येतं, आडनाव बदलतं, काही घरांत तांदळात नवं नावसुद्धा लिहितात. तुझ्या सासूबाईंनी नाव शोधून ठेवलंय म्हणे. ठेवू दे, हौस त्यांची. तांदळात लिहा, पेढे वाटा, पण राजपत्रात, पासपोर्टवर, बँकेत काही बदलू नकोस, निदान फाईल संपेपर्यंत. तुझं पीआर कार्ड ज्या नावावर आहे तेच नाव लग्नाच्या प्रमाणपत्रावर यायला हवं. भटजी किंवा कारकून सवयीनं नवं नाव घालतात, सही करण्याआधी वाच. नावांवरून कॅनडाच्या कचेऱ्यांनी पूर्वी चांगलाच घोळ घातलेला आहे. 'कौर' आणि 'सिंग' ही आडनावं म्हणून चालणार नाहीत, असं दिल्लीतून अर्जदारांना कळवलं जायचं. २००७ला ओरड झाली तेव्हा ते थांबलं. आपलं तीन नावांचं प्रकरण त्यांना अजून तितकंसं कळत नाही, म्हणून मधलं नाव वडिलांचं असतं एवढी एक ओळ पत्रात घाल.

एजंटचं थोडक्यात. चंडीगडच्या सेक्टर १७ आणि ३४मध्ये पाट्याच पाट्या आहेत. पैसे घेऊन कॅनडाच्या फाईलवर काम करणारा तिथला वकील किंवा तिथल्या इमिग्रेशन सल्लागारांच्या 'कॉलेज' या नियामक संस्थेचा नोंदणीकृत सदस्य असावा लागतो. क्रमांक विचार, संकेतस्थळावर पडताळून पाहा. कोऱ्या फॉर्मवर सही नाही. फाईलचा ईमेल आणि पासवर्ड तुझ्याकडे, त्याच्याकडे नाही. साधी फाईल आहे तुमची, तुम्ही दोघं शिकलेली माणसं आहात, स्वतः भरा. जोडीदाराला बोलवायला ठरावीक उत्पन्नाची अट सहसा नसते, तेव्हा 'पगार कमी दिसतो, बँकेत पैसे दाखवून देतो' असं म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठव. मात्र तू तिथे सरकारी मदतीवर जगत असता कामा नयेस. अपंगत्वाच्या मदतीचं तेवढं वेगळं.

तू जी हमी लिहून देशील ती नवरा पक्का झाल्याच्या दिवसापासून तीन वर्षं बांधून ठेवते. देवाच्या दयेनं काही वाकडं होणार नाही, पण भांडलात, वेगळे झालात, घटस्फोट झाला तरी ती सुटत नाही. त्यानं त्या काळात सरकारी मदत घेतली तर वसुली तुझ्याकडून. आणि त्याला पुढे दुसऱ्या कुणाला जोडीदार म्हणून बोलवायचं तर पक्का झाल्यापासून पाच वर्षं थांबावं लागतं. हे सगळं त्यालाही सांग. पूर्वी नवीन जोडप्यांना दोन वर्षं एकत्र राहायची सक्ती होती, ती २०१७ला काढली. इकडे अजून बायका तीच सांगून मुलींना घाबरवतात.

त्याच्याकडची कामं मी बघते. पोलिसांचा दाखला पासपोर्ट कार्यालयातून निघतो. त्याच्या पासपोर्टवर साताऱ्याचा पत्ता आहे आणि राहतो इथे, तेव्हा अर्ज आताच्या पत्त्यावर करायचा, म्हणजे पिंजौरच्या ठाण्यातून माणूस येईल आणि मी घरी असेन. गेल्या दहा वर्षांत सलग सहा महिने किंवा त्याहून जास्त कुठल्या दुसऱ्या देशात राहिला असेल तर तिथलाही दाखला लागेल. दुबईच्या ट्रेनिंगचं काय ते त्याला विचार. वैद्यकीय तपासणी त्यांच्या यादीतल्याच डॉक्टरकडे. चंडीगडच्या कॅनडाच्या कचेरीत जाऊन विचारून येते म्हणशील तर ते आता नाही. ऑक्टोबर २०२३मध्ये कॅनडाचे ४१ अधिकारी परत गेले तेव्हापासून चंडीगड, मुंबई, बेंगळुरूच्या कचेऱ्यांतलं समोरासमोरचं काम थांबलं. बोटांचे ठसे व्हीएफएस या व्हिसा केंद्राकडे, बाकी सगळं पोर्टलवर.

आणि त्याला आज संध्याकाळीच सांग, राजीनाम्याची घाई करू नकोस. त्याची नोटीस तीन महिन्यांची आहे म्हणाला. तपासणीचं पत्र आलं की लोक हुरळून जातात आणि नोकरी सोडून बसतात. पासपोर्ट मागवला की मगच नोटीस. तिथे उतरायची तारीख कागदावर छापलेली असते, बहुतेक वेळा तपासणीच्या मुदतीला बांधलेली. तेवढ्यात नोटीस संपत नसेल तर आधी जाऊन उतरायचं आणि परत यायचं, असा विचार तो करेल. करू दे, पण मग पीआर कार्ड हातात येईपर्यंत तिथेच थांबावं. कार्ड तुझ्या ब्रॅम्प्टनच्या पत्त्यावर पोस्टानं येतं. कार्डाशिवाय इकडे आला तर परत विमानात बसायला वेगळा प्रवासाचा कागद काढावा लागतो, आणि तो काढायला पुन्हा व्हीएफएसची रांग.